फवारणीची विषबाधा : निदानाचें अर्धें काम वावराच्या मालकाचें

रोगाचें निदान करणें हें डॉक्टराचें काम. शेतकऱ्यानें पीक पाहावें, माणसाची नाडी पाहणारा निराळा, अशी आपल्यांतील बहुतेकांची समजूत आहे. पिकाच्या बाबतींत मात्र आपण असें कधीं म्हणत नाहीं. तुरीचें पान पिवळें पडलें कीं पाणी सांचलें काय, मर लागली काय, कीं मुळाशीं कांहीं लागलें आहे, याचा विचार आपण स्वतः धुऱ्यावर उभे राहून करतों. शेतकी खात्याचा मनुष्य आला तर पेरणी केव्हां झाली, बियाणें कोणतें, खत काय टाकलें, ही सर्व हकीकत त्यानें न विचारतां सांगतों; कारण ती कळल्यावांचून नुसत्या पानावरून त्याला कांहीं बोलतां यावयाचें नाहीं, हें आपणांस अनुभवानें ठाऊक आहे. परंतु आपल्याच वावरांत फवारणी करतांना एखादा मनुष्य आडवा झाला व त्याची हकीकत डॉक्टरास सांगण्याची वेळ आली, म्हणजे आपलें तोंड मिटतें. प्रस्तुत लेखांत लिहावयाचें आहे तें या मिटलेल्या तोंडाविषयीं.

आपल्या मानोरा व कारंजा तालुक्यांच्या शिवेस लागून असलेल्या यवतमाळ जिल्ह्यांत २०१७ च्या हंगामांत जें घडलें तें पुष्कळांच्या स्मरणांत असेल. फवारणी करणारीं माणसें पावसाळ्यांतच रुग्णालयांत येऊं लागलीं, आणि हंगाम सरेपर्यंत त्या एका जिल्ह्यांत वीसाहून अधिक दगावलीं व शेंकडों आजारी पडलीं. त्यांत स्वतःच्या वावरांत पंप उचलणारे लहान शेतकरी होते, तसेच रोजानें गेलेले मजूरही होते. शासनानें अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखालीं विशेष तपास पथक नेमलें, व पुढें आपल्या विभागांत पांच कीटकनाशकांची विक्री साठ दिवसांकरितां बंद केली. त्या सालीं पऱ्हाटी पुष्कळ ठिकाणीं माणसाच्या डोक्याएवढी वाढली होती. दाट झाडोऱ्यांत वारा खेळत नव्हता, हवा दमट होती, बॅटरीच्या पंपाचा तुषार धुक्यासारखा बारीक उडत होता, आणि एकाच टाकींत दोन-तीन औषधें कालवण्याची चाल सर्वत्र पडली होती. फवारणारा मनुष्य त्या धुक्यांतूनच श्वास घेत होता, व भिजलेले कपडे दिवसभर त्याच्या अंगाला चिकटून होते.

या प्रकरणांत दोष कोणाचा, याविषयीं पुष्कळ लिहून झालें आहे व तो वाद येथें उकरून काढण्याची माझी इच्छा नाहीं. माझें लक्ष दुसऱ्याच एका गोष्टीकडे आहे. कोणाला वांति, कोणाला भोवळ, कोणाला श्वास पुरेना, कोणाला डोळ्यांनीं दिसेना. टाक्यांत गेलेलीं औषधें तरी एका जातीचीं कोठें होतीं? प्रोफेनोफॉस व सायपरमेथ्रिन यांचें तयार मिश्रण, डायफेन्थ्युरॉन, मोनोक्रोटोफॉस अशीं नांवें त्या वेळीं पुढें आलीं. हीं नांवें आपल्या जिभेस कठीण असलीं तरी यांतील प्रत्येकाचें विष निराळें आहे. मोनोक्रोटोफॉसवर ठराविक उतारा आहे. डायफेन्थ्युरॉनवर तसा उतारा नाहीं. मग समोर पडलेल्या माणसाच्या अंगांत काय गेलें, हें डॉक्टरानें ओळखावें कशावरून?

रक्त तपासून ओळखावें, असें कोणी म्हणेल. सेंद्रिय फॉस्फरस वर्गाच्या विषाकरितां कोलिनएस्टरेज नांवाची रक्ताची तपासणी आहे हें खरें. परंतु २०१७ सालीं यवतमाळास ती सोय नव्हती, व त्या गोष्टीचा तेव्हां पुष्कळ बोभाटा झाला. शिवाय ती सोय असली तरी त्या एका वर्गाबाहेरच्या विषाविषयीं ती तपासणी फारसें बोलत नाहीं. आणि तिचा निकाल येईपर्यंत रोगी थांबत नाहीं. म्हणून आजही पहिला निर्णय डॉक्टरास दोन गोष्टींवरूनच करावा लागतो. एक, रोग्याच्या अंगावर दिसणारीं लक्षणें. दुसरी, रोग्याबरोबर आलेल्या माणसानें सांगितलेली हकीकत. पहिली गोष्ट डॉक्टराच्या डोळ्यांत आहे, दुसरी आपल्या तोंडांत.

लक्षणांविषयीं थोडें विस्तारानें सांगतों, कारण तीं ओळखण्याची पहिली वेळ वावरांत येते, रुग्णालयांत नव्हे. आपल्या मज्जातंतूंचा हुकूम स्नायूंना व ग्रंथींना पोंचविणारें एक द्रव्य शरीरांत असतें, व हुकूम पोंचला कीं कोलिनएस्टरेज हें दुसरें द्रव्य त्याचा लागलीच नाश करतें. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस या जातीचीं औषधें तें दुसरें द्रव्य निकामी करून टाकतात. मग हुकूम थांबतच नाहीं. पाटाचें दार उघडें राहून गेल्यासारखें सर्व अंगांतून पाणी सुटतें : घाम, लाळ, आंसवें, वांति, हगवण. पोटांत पिळवटतें, छातींत कफ दाटून घरघर लागते, डोळ्यांच्या बाहुल्या टांचणीच्या टोकाएवढ्या बारीक होतात व समोरचें अंधुक दिसूं लागतें. मांसाचे बारीक पेड आपोआप फुरफुरूं लागतात, आणि अखेरीस श्वास चालविणारे स्नायूच थकून जातात.

आतां हींच लक्षणें सप्टेंबर-ऑक्टोबरच्या उन्हांत, अर्धपोटीं फवारणी करणाऱ्या माणसाच्या अंगावर सुरू झालीं तर आपण काय म्हणतों? ऊन लागलें म्हणतों. पित्त खवळलें म्हणतों. रात्रींचें शिळें बाधलें म्हणतों. लिंबूपाणी देतों, निंबाच्या सावलींत निजवितों, आणि वाईट वाटतें तें हें कीं, अंगावरचे भिजलेले कपडे तसेच ठेवतों, म्हणजे विष कातड्यांतून मुरण्याचें काम चालूच राहतें. ऊन लागलेल्या माणसाचें अंग तापलेलें असतें. या विषानें पडलेल्याचें अंग घामानें निथळत असूनही बहुधा तसें तापलेलें नसतें, व बाहुल्या बारीक असतात. ही खूण दरवेळीं मिळतेच असें नाहीं, परंतु मिळाली तर पुढें तर्क करीत बसण्याचें कारण उरत नाहीं. ज्यांत सायपरमेथ्रिनसारखें औषध आहे त्यानें चेहऱ्यावर मुंग्या व आग उठते. तणनाशकांपैकीं पॅराक्वाट पोटांत गेल्यास तोंड व घसा सोलून निघतो आणि पुढें कित्येक दिवसांनीं मूत्रपिंडें व फुप्फुसें जातात; त्यावर उतारा नाहीं, आणि एरव्हीं धांपणाऱ्या रोग्यास हवासा वाटणारा ऑक्सिजनसुद्धां त्यांत निष्कारण दिल्यास अपाय करतो. म्हणजे एका विषाचा उपचार दुसऱ्या विषांत घातक होऊं शकतो.

याहून बोलकें उदाहरण विंचवाचें आहे. कोंकणांतील लाल विंचू चावल्यानें लहान मुलें व धडधाकट माणसें पटापट मरत असत. जालना जिल्ह्यांतील शेतकरी कुटुंबांत जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर १९७० नंतरच्या दशकांत महाडकडच्या सरकारी दवाखान्यांत नोकरीस गेले, व रोग्याच्या खाटेजवळ रात्र-रात्र बसून त्यांनीं काय पाहिलें तें टिपून ठेवलें. आधीं वांति व भडभडून घाम, मग हातपाय गार, मग धांप व तोंडास फेंस. या क्रमावरून हृदय व रक्तवाहिन्यांवर विषाचा घाला पडतो हें त्यांनीं ओळखलें. १९८२ सालीं त्यांचें निरीक्षण ‘लॅन्सेट’ या इंग्लंडांतील जगन्मान्य वैद्यकीय पत्रांत छापून आलें, आणि पुढें प्राझोसिन या रक्तदाबाच्या स्वस्त गोळीनें त्यांनीं मृत्यूंचें प्रमाण फार खालीं आणलें. त्यांच्यापाशीं मोठीं यंत्रें नव्हतीं. पाहणें, विचारणें व लिहून ठेवणें एवढेंच भांडवल होतें. २०२२ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली.

वाचकांच्या लक्षांत आलेंच असेल कीं, घाम, वांति, धांप व फेंस हीं लक्षणें विंचवाच्या बाधेंत आहेत व फवारणीच्या बाधेंतही आहेत. वावरांत पडलेल्या माणसाला धुऱ्यावरच्या दगडाखालचा विंचू चावला, कीं टाकींतलें औषध बाधलें? फॉस्फरसाच्या विषावर ॲट्रोपिन हा उतारा आहे व तो छातींतली घरघर थांबेपर्यंत वरचेवर द्यावा लागतो. विंचवाच्या बाधेंत तेंच ॲट्रोपिन देऊं नये, असें डॉ. बावस्करांचें सांगणें आहे. दिसावयास सारखें, उपचार उलट. निवाडा होतो तो एका प्रश्नाच्या उत्तरावर : हा मनुष्य पडण्यापूर्वीं काय करीत होता? (जातां जातां एक इशारा देऊन ठेवतों. ॲट्रोपिन हें धोतऱ्यांतही असतें, असें कोठें तरी वाचून एका गृहस्थांनीं धोतऱ्याचा काढा पाजण्याची कल्पना माझ्यापुढें मांडली होती. असलें धाडस कोणीं करूं नये. धोतऱ्याचें बीं हें स्वतःच विष आहे व त्याचें माप कोणाच्याही हातांत नाहीं.)

आतां तोंड मिटण्याकडे येतों. मालकास पोलिसांचें भय वाटतें. विषबाधेचा रोगी आला म्हणजे रुग्णालय पोलिसांस खबर देतें, जबाब होतात, हें सर्वांस माहीत आहे. त्यामुळें मजुरास दवाखान्यांत पोंचविणारा मनुष्य दारांतच सांगतो, “दोन दिवसांपासून ताप होता.” मजुराला भय वेगळेंच. आपण अशक्त ठरलों तर उद्यां कोणी फवारणीस बोलावणार नाहीं, म्हणून तोही सकाळपासून डोकें दुखत असल्याचें लपवितो. तिसरें भय घरच्या बायामाणसांचें, व तें आपल्या वऱ्हाडांत कोणीं समजावून सांगावें असें नाहीं. औषधाचें नांव काढलें कीं ऐकणाऱ्याच्या मनांत पहिली शंका येते ती, यानें प्राशन तर केलें नाहीं ना? ती शंका नको म्हणून घरचे लोक फवारणीचीही गोष्ट दडपतात. आणि जेथें दुर्दैवानें प्राशनच झालेलें असतें तेथें लाजेनें फवारणी झाली असें सांगतात. दोन्हींकडून डॉक्टर फसतो. पोटांत गेलेलें विष व कातड्यांतून गेलेलें विष यांचा उपचार सारखा नाहीं. पहिल्यांत पोटाकडे पाहावें लागतें, दुसऱ्यांत सर्व अंग, केंस व नखांच्या कडांसुद्धां साबणानें धुवावीं लागतात.

मी महसूल खात्यांत आयुष्य काढलेला मनुष्य आहें. कोरा रकाना पुढें काय करतो हें मला वैद्यकापेक्षां अधिक कळतें. वारसांस मदत मिळण्याचीं प्रकरणें माझ्या टेबलावरून गेलीं आहेत, व ज्या कागदांत ‘काय फवारलें’ याचें उत्तर नसे तीं प्रकरणें किती दिवस इकडून तिकडे फिरत तें मीं पाहिलें आहे. जिवंतपणीं ज्या उत्तरानें माणूस वांचण्याचा संभव होता, तेंच उत्तर मेल्यानंतर विधवेस चार कचेऱ्यांत शोधावें लागतें. मालकांस माझें सांगणें असें कीं, डॉक्टरास औषधाचें नांव सांगणें म्हणजे गुन्हा कबूल करणें नव्हे. उलट, ज्यानें डबा बरोबर नेला, वेळ सांगितली, रोग्यापाशीं थांबला, त्याच्या सद्बुद्धीचा तोच पुरावा होतो. खोटें सांगून रोगी दगावला तर पुढें पोलिसांपुढें सांगावयास उरतें काय?

औषधाच्या वेष्टनाबरोबर जो चुण्या पाडलेला कागद येतो तो आपण न उलगडतां फेंकतों. त्या कागदाचा इतिहास ऐकण्यासारखा आहे. १९५८ सालीं केरळांत गव्हाच्या पिठांतून शंभरावर माणसें मेलीं. बोटीवरून येतांना त्या मालास पॅराथिऑन या फॉस्फरसाच्याच जातीच्या कीटकनाशकाचा संसर्ग झाला होता. त्याची चौकशी झाली, व पुढें १९६८ चा कीटकनाशक कायदा व १९७१ चे नियम आले. विषबाधेचीं लक्षणें, प्रथमोपचार व उतारा या तिन्ही गोष्टी वेष्टनासोबतच्या पत्रकांत छापल्या पाहिजेत, असें ते नियम सांगतात. डब्यावरच्या चौकोनांत लाल रंग असेल तर विष अत्यंत जहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, मग हिरवा. पत्रकाचीं अक्षरें मुंगीएवढीं असतात ही तक्रार खरी आहे, व ती मोठीं करावयास लावणें हें आपल्या संस्थांनीं हातीं घेण्यासारखें काम आहे. परंतु तोंवर तोच कागद डॉक्टराच्या हातीं पडला तर त्यास दहा प्रश्न कमी विचारावे लागतील. मिश्रण केलें असेल तर एकच नव्हे, टाकींत गेलेल्या प्रत्येक वस्तूचा डबा अगर बाटली न्यावी. झाडाच्या वाढीचें म्हणून टाकलेलें टॉनिकसुद्धां वगळूं नये.

याखेरीज एक टिपण प्रत्येक वावरमालकानें ठेवावें असें मला वाटतें, आणि यांत माझी जुनी कारकुनी संवय डोकावते असें कोणी म्हटलें तरी चालेल. तारीख, पीक, औषधाचें नांव, किती टाक्या, किती वाजतां सुरू व किती वाजतां बंद, फवारणाऱ्याचें नांव. आणि शेवटचा रकाना, जो मीं मुद्दाम घातला आहे, तो असा : मागील पंधरा दिवसांत त्यानें आणखी कोणाकोणाच्या वावरांत काय फवारलें? याचें कारण सांगतों. फॉस्फरसाच्या विषानें निकामी झालेलें द्रव्य शरीरांत पुन्हां भरून येण्यास कित्येक आठवडे लागतात. रोज नव्या मालकाकडे जाणारा मजूर रोज थोडथोडें विष घेत असतो व त्याचें मूळ भांडवल घटत जातें. दहाव्या दिवशीं आपल्या वावरांत तो दोन टाक्यांतच कोसळतो, आणि आपण शपथेवर सांगतों कीं, दोन टाक्यांनीं कोठें माणूस पडतो काय! आपली शपथ खरी असते, पण हिशेब मागील नऊ दिवसांचा असतो. हंगामांत चार मालकांचा मिळून एकच फवारणारा असतो अशीं गांवें आपल्याकडे थोडीं नाहींत. तेथें त्या चौघांनीं मिळून एकच वही ठेवावी व ती त्या मजुरापाशींच असावी.

यावर एक आक्षेप मला ठाऊक आहे. उतारा पुरेसा ठेवणें, तपासणीची सोय करणें, जहाल विषाची विक्री रोखणें हीं शासनाचीं कामें आहेत. तीं बाजूस ठेवून शेतकऱ्याच्याच गळ्यांत हें लोढणें कशाला? आक्षेपांतील पहिला भाग मला सर्वस्वी मान्य आहे. अकोला व यवतमाळ येथील सरकारी महाविद्यालयांच्या जोडीस २०२४ सालीं वाशिमांतही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालें आहे. तेथें ही तपासणी हंगामाच्या दिवसांत रात्रंदिवस व्हावी, आणि ॲट्रोपिनचा सांठा ग्रामीण रुग्णालयापर्यंत पोंचावा, ही मागणी आपण केलीच पाहिजे. पण ती पुरी झाली तरी रिसोडच्या एखाद्या खेड्यांतून निघालेल्या गाडींत रोग्याजवळ बसलेला मनुष्य आपणच असणार, व ‘काय फवारलें?’ हा प्रश्न त्यालाच विचारला जाणार.

गाडी येईपर्यंत काय करावें तेंही सांगतों. १०८ क्रमांकास कळवावें. रोग्यास वाऱ्यावर, फवारलेल्या पिकापासून दूर आणावें. कपडे काढून अंग साबण व भरपूर पाण्यानें धुवावें, आणि धुणाऱ्यानें स्वतःचे हात उघडे ठेवूं नयेत. शुद्ध हरपत असेल तर कुशीवर निजवावें. ओकारी काढण्याकरितां मीठपाणी पाजूं नये, घशांत बोटें घालूं नयेत, दूध-तूपही देऊं नये. तेलकट औषध ओकतांना श्वासनळींत गेलें तर दुसराच घात होतो.

शेवटची गोष्ट रोगी सुधारल्यानंतरची, आणि ती आपणांपैकीं फार थोड्यांस माहीत आहे. श्रीलंकेंतील डॉक्टरांनीं १९८७ सालीं वर्णन केलेली एक अवस्था आहे. फॉस्फरसाच्या विषाचा रोगी पहिल्या दिवशीं वांचतो, घाम-लाळ थांबते, तो बोलूं लागतो, आणि घरचे लोक सोयाबीन सोंगणीस आलें म्हणून सुट्टी मागतात. पण साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास मानेचे, दंडांचे व श्वासाचे स्नायू ढिले पडूं शकतात. ही चाहूल ओळखण्याची खूण कोणासही घेतां येईल अशी आहे : उताण्या निजलेल्या रोग्यास उशीवरून डोकें उचलावयास सांगावें. डोकें उचलत नसेल, पापण्या जड झाल्या असतील, बोलतांना मध्येंच धांप लागत असेल, तर त्याच क्षणीं डॉक्टरास बोलवावें. कांहीं काळ यंत्रानें श्वास दिला तर असे रोगी उठून बसतात. घरीं आणलेल्या रोग्यास हें झालें तर मण्यार चावल्याची शंका येऊं शकते, कारण भुईवर निजलेल्यास ती रात्रीं चावली तरी वेदना होत नाहीं व डाग दिसत नाहीं, आणि पहांटे पोट दुखून पापण्या अशाच मिटतात. म्हणून पुन्हां रुग्णालयांत नेतांना पहिल्या दिवशींचा डबा व टिपण बरोबर असावें, व रोगी रात्रीं कोठें निजला होता, खाटेवर कीं भुईवर, हेंही सांगावें.